पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार शिकायचीय, बंदूक कधी धरलेली नाही, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की एच-वन-बी वर आहात, ऑफिसातले लोक थँक्सगिव्हिंगनंतर रजा टाकून जंगलात जातात ते बघून तुम्हालाही शिकायचंय. मी ६ वर्षांपूर्वी याच राज्यात, याच व्हिसावर, तुमच्याच जागी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं बोलतो, कारण यात चूक झाली तर शिकार राहिली बाजूला, व्हिसा जाईल. नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे, आणि त्याला जे थोडेसे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे इथल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे आधी कोर्स, मग लायसन्स, आणि त्यानंतरच बंदुकीला हात. मित्र म्हणाला चल रेंजवर दोन गोळ्या मारून बघ, तरी लायसन्स येईपर्यंत जाऊ नका. दुसरं, जे मला कोणी सांगितलं नव्हतं: इथलं लायसन्स ३० जूनला संपतं, आणि नवीन काढायला उशीर झाला तर मधल्या दिवसांत घरातल्या कपाटात नुसती पडलेली बंदूकसुद्धा गुन्हा ठरू शकते. एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या, ते पैसे वाया जात नाहीत.

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशन हा शिकारीचा कोर्स सक्तीचा आहे, वय कितीही असो. ऑनलाइनही होतो पण मी म्हणेन प्रत्यक्ष वर्गात जा, कारण तिथे शिकवणारे वयस्कर लोक वर्षानुवर्षं शिकार केलेले असतात आणि नवीन माणूस मनापासून विचारतोय म्हटल्यावर ते हातचं काही राखत नाहीत. मला ज्या काकांनी पहिल्यांदा सोबत नेलं ते तिथेच भेटले. राज्यात राहणाऱ्याला लायसन्स साधारण २१ डॉलरला पडतं, त्यात शिंगवाल्या एका नराचा टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) येतो, मादीसाठी वेगळं काढायचं, ते ७ डॉलरच्या आसपास. नवख्याने मादीचं नक्की काढावं. नराच्या शिंगांना किती टोकं हवीत त्याचे नियम आहेत आणि पहाटेच्या अंधुक उजेडात ती मोजत बसणं नवीन माणसाला जमत नाही.

जागेची काळजी करू नका, स्टेट गेम लँड्स म्हणून सुमारे १५ लाख एकर जमीन लोकांसाठी खुली आहे. फक्त वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत बंदुकीने शिकार चालत नाही, आणि रायफल सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर हवा.

आता माझं खरं म्हणणं. पहिलं वर्ष हरीण मारायचं मनातून काढून टाका आणि बसायला शिका. ऑक्टोबरमध्ये शनिवार-रविवारी रिकाम्या हाताने जंगलात जा, व्हाइट ओकच्या झाडाखाली एकॉर्न, म्हणजे त्याची फळं, पडलेत का बघा कारण हरणांना ते फार आवडतात, लेंड्या कुठे आहेत, नराने शिंगं घासून कुठल्या झाडाची साल काढलीय, पायवाट कुठून ओढ्याकडे उतरते, हे सगळं बघा. मग एका रुंद बुंध्याला पाठ लावून वाऱ्याकडे तोंड करून ३ तास बसा, मोबाइल खिशात. वाऱ्याचं विसरू नका, तुम्ही कितीही स्थिर बसलात तरी तुमचा वास हरणाकडे गेला की ते येतच नाही, आणि तुम्हाला कळतही नाही की ते आलं होतं. ट्री स्टँडची, म्हणजे झाडावरच्या मचाणाची घाई नको, त्यावरून पडून दरवर्षी लोक जखमी होतात, पुढे कधी चढलात तर फुल बॉडी हार्नेसशिवाय (अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा) चढू नका. आणि घरी आल्यावर अंगावर गोचिडी तपासा, त्यांच्या चाव्याने होणारा लाइम डिसीज इथे खूप आहे.

रायफल साधी बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका ओढायची), काडतूस .२४३ किंवा ७ एमएम-०८ मापाचं, धक्का कमी बसतो. टेबलावर टेकवून नेम सगळ्यांचाच बसतो, जमिनीवर बसून १०० यार्डांवर जेवणाच्या ताटलीएवढ्या गोलात ५ पैकी ५ लागेपर्यंत जंगलात नेऊ नका.

हे एवढं का सांगतोय तर दुसऱ्या सीझनला पहिल्याच सकाळी एक मादी ७० यार्डांवर आली, पूर्ण आडवी नव्हती, जरा तिरकी होती, काका कानात म्हणाले थांब, आणि मी नाही थांबलो. गोळी मागे पोटात लागली. वर मी लगेच उठून मागे धावलो, त्यामुळे ती जिथे बसली असती तिथून उठून अजून लांब गेली, आम्ही रात्री ९ पर्यंत हेडलॅम्प लावून माग काढला, रक्ताचे थेंब काळसर, मग तेही संपले, आणि ती सापडली नाही. अजून आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून जनावर पूर्ण आडवं, पुढच्या पायाच्या जरा मागे, म्हणजे हृदय-फुफ्फुसावर नेम बसत असेल तरच ट्रिगरला बोट. रक्त फेसाळ गुलाबी असेल तर फुफ्फुसाला लागलंय, अर्धा तास थांबून जा. काळसर आणि त्यात खाल्लेलं गवतपाणी दिसलं तर पोटात लागलंय, ८ तास तरी हलू नका.

माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, हरीण मारणं म्हणजे तुरुंग, आणि ते बरोबरच आहे. इथलं वेगळं आहे, १९०० च्या सुमाराला या राज्यातली हरणं जवळपास संपली होती, १९०६ मध्ये मिशिगनहून आणून सोडली, पण त्यांना खाणारे लांडगे परत आले नाहीत, आता संख्या वाढली की जंगलातली कोवळी रोपं उरतच नाहीत. आईला हे समजावलं, तिला पटलं असं नाही म्हणणार, पण आता ती फोनवर विचारते मिळालं का.

मिळालं की लगेच टॅग भरून कानाला लावा आणि तिथेच पोट उघडून आतडी काढा, मूत्राशय फुटू देऊ नका, गावाकडे बकरं सोलताना बघितलं असेल तर अवघड नाही. तुमच्या भागात सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग आहे का ते बघा, असेल तर डोकं आणि मणका त्या भागाबाहेर नेता येत नाही. मटणासारखी चरबी नसते, जी असते ती मेणचट लागते, ती आणि पांढरा पडदा सगळा काढून टाका. आमच्याकडे मांडीचं मांस रात्रभर दही-आलं-लसणात ठेवून कांदा-लसूण मसाल्यात कुकरला ५ शिट्ट्या, आणि पाठीचे लांब तुकडे मात्र कुकरला लावू नका, तव्यावर तुपात दोन्हीकडून ३-३ मिनिटं, बास.