कार्ड झोपत का नाही?

प्रश्न: माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आहेच, शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे. पूर्वी बॅटरी पाच तास पुरायची, आता तीन तासांत संपते. नुसतं टायपिंग करतानाही लॅपटॉप खालून तापतो. कोपऱ्यात तापमान दाखवणारं विजेट ठेवलंय, त्यात कार्ड कायम ४८ अंशांवर. बॅटरी बदलू का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: थांबा, बॅटरीवर आत्ताच पैसे घालू नका. आधी ते विजेट बंद करा.

कार्डाला काम नसलं की ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, थोडा वेळ वाट बघतो, बऱ्याच ड्रायव्हरांत ५ सेकंद, आणि मग त्याला झोपवतो. गाढ झोपेत, म्हणजे ‘डी-थ्री कोल्ड’मध्ये, कार्डाची वीजच तुटते. तुमचं विजेट दर दोन सेकंदांनी तापमान विचारत असेल, तर ते ५ सेकंद कधी भरतच नाहीत. झोपलेल्या कार्डाला तापमान विचारलं तर काही ड्रायव्हर नकार देतात, पण काही त्यासाठी कार्डाला उठवतात.

म्हणून तपासतानाही जपून. जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसपीसीआय’ ही कमांड चालवलीत तर त्यानेही कार्ड जागं होतं. त्याऐवजी सिस-एफएसमध्ये, म्हणजे उपकरणांची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘/sys’ फोल्डरमध्ये, कार्डाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘रनटाइम स्टेटस’ फाइल वाचा. ती वाचल्याने कार्ड उठत नाही. ‘सस्पेंडेड’ दिसलं तर झोपलंय, ‘ॲक्टिव्ह’ दिसलं तर जागं आहे.

विजेट बंद करूनही ‘ॲक्टिव्ह’च राहिलं तर कार्डाच्या जोडीदाराकडे बघा. ‘एलएसपीसीआय’च्या यादीत प्रत्येक उपकरणाला एक पत्ता असतो. कार्डाचा पत्ता ०१:००.० असेल, तर ०१:००.१ हा बहुधा एचडीएमआयचा आवाज सांभाळणारा भाग असतो. तो जागा असेपर्यंत कार्ड झोपू शकत नाही. त्याच्या ‘पॉवर’ फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑन’ असेल तर ‘ऑटो’ करा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर तोही काढून बघा. बऱ्याच लॅपटॉपांत ते पोर्ट थेट याच कार्डाला जोडलेलं असतं.

हे सगळं करूनही उपयोग झाला नाही, तर दोष ड्रायव्हरचा असू शकतो. मी ड्रायव्हर लिहिण्याचंच काम करतो, आणि ही चूक माझ्या हातूनही झाली आहे. कार्ड वापरायला घेताना ड्रायव्हर एक मोजणी वाढवतो, काम झालं की कमी करतो. ती शून्यावर आली तरच झोप. माझ्या कोडमध्ये मॉनिटरची माहिती वाचता आली नाही, तर ते वाचणारं फंक्शन (कोडचा तुकडा) मोजणी कमी न करताच परत फिरत होतं. माझ्या टेबलावर मॉनिटरची केबल नीट बसलेली, त्यामुळे सगळं सुरळीत दिसायचं. एकदा प्लग अर्धवट निसटला आणि कार्ड रात्रभर जागं राहिलं, तेव्हा ती ओळ सापडली. उलटी चूक जास्त वाईट: मोजणी न वाढवता झोपलेल्या कार्डाकडून वाचायला गेलं की सगळे बिट १ येतात, आणि ड्रायव्हर ते खरं धरून चालला तर मशीन अडकतं.

दोन्ही पत्त्यांच्या ‘रनटाइम स्टेटस’मध्ये काय दिसतं ते आणि कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती कळवा. बॅटरीचं त्यानंतर बघू.