परदेशी कार्यालयांतून स्वतःच्या स्टुडिओकडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वास्तुरचनेची पदवी घेऊन मला सात वर्षे झाली. या काळात दोन देशांतल्या तीन मोठ्या कार्यालयांत काम केले. तिन्हींची नावे सांगितली की समोरचा मान डोलावतो. काम मात्र बहुतेक स्पर्धांच्या सादरीकरणाचे आणि दर्शनी भागाच्या ड्रॉइंगांचे. आता आणखी एका देशातून बोलावणे आले आहे. ते स्वीकारावे की स्वतःचा स्टुडिओ काढावा, हे ठरत नाही.

उत्तर : आपल्या पत्रातले ‘काम मात्र’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आपण कार्यालयांची नावे मोजली आहेत. मी इमारतीचे टप्पे मोजायला सांगेन. ब्रिटनमधल्या आरआयबीए या वास्तुविशारदांच्या संस्थेने २०१३ मध्ये कामाची जी आखणी नव्याने मांडली, तिच्यात शून्य ते सात असे आठ टप्पे आहेत. स्पर्धेचे काम बहुधा दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे संकल्पनेतच संपते. चौथा टप्पा तांत्रिक ड्रॉइंगांचा आणि पाचवा प्रत्यक्ष बांधकामाचा. स्टुडिओ काढणाऱ्याचा कस या दोन टप्प्यांत लागतो आणि मोठ्या कार्यालयात नेमके हेच दोन टप्पे दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर असतात.

याचा अनुभव मी घेतला आहे. एका मोठ्या कार्यालयात मी चौदा महिने एकाच सभागृहाच्या जिन्याचे कठडे काढत होतो आणि ते कठडे जागेवर बसले तेव्हा मी दुसऱ्या देशात, दुसऱ्या नोकरीत होतो. पुढे स्टुडिओ काढल्यावर पहिल्याच घरात छज्ज्याच्या खालच्या कडेला जी बारीक खाच ठेवतात, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडते, ती माझ्या ड्रॉइंगमध्ये राहून गेली. खाच असते हे मला ठाऊक होते. पण आधीच्या कार्यालयांत ती काढणारा विभाग वेगळा असल्याने माझ्या हाताला तिची सवयच नव्हती. पहिल्या पावसात पाणी छज्ज्याच्या पोटावरून उलट वाहत भिंतीपर्यंत गेले आणि खिडकीच्या वर हातभर ओल आली. कंत्राटदाराला विचारले, तेव्हा त्याने शांतपणे ड्रॉइंग उलगडून माझ्यापुढे धरले. बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

दुसऱ्याच्या कार्यालयात शिकून मग स्वतःचे काढण्याची परंपरा जुनी आहे. पण तिथून प्रत्येकाने वेगवेगळी गोष्ट नेली, हे लक्षात घ्यावे. बर्लिनजवळच्या वास्तुविशारद पेटर बेहरेन्सच्या कार्यालयात १९०८ ते १९१२ या काळात वाल्टर ग्रोपियस, मीस व्हान डर रोह आणि पुढे ल कॉर्ब्युझिए या नावाने प्रसिद्ध झालेला तरुण, असे पुढे आधुनिक वास्तुकलेतली मोठी नावे ठरलेले तिघेही काम करून गेले. त्यांपैकी ल कॉर्ब्युझिए तिथे जेमतेम पाच महिने होता. ग्रोपियसचा रेखाटनात हात कच्चा होता आणि ते तो जाणून होता. म्हणून १९१० मध्ये बाहेर पडताना त्याने त्याच कार्यालयातला अडोल्फ मायर हा सहकारी जोडीला घेतला आणि दोघांनी जर्मनीतल्या फागुस या कारखान्याच्या गाजलेल्या इमारतीचे काम केले. शैली कोणालाही उचलता येते. आपले उणे ओळखून ते भरून काढणारा माणूस हेरणे अवघड, आणि मोठ्या कार्यालयाइतकी त्यासाठी सोयीची जागा नाही.

आपल्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण भारतीय वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचे आहे. १९५१ मध्ये ते पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात गेले आणि सुरुवातीचे महिने त्यांनी विनावेतन काढले. (आज कोणी विनावेतन काम मागितले तर आपण नकार द्यावा, त्या काळाचे कौतुक करून आपले भाडे भागत नाही.) दोशी तिथेच राहिले असते तर पॅरिसच्या एका कार्यालयातला कुशल ड्राफ्ट्समन एवढीच त्यांची ओळख राहिली असती. पण १९५४ नंतर त्याच कार्यालयाची अहमदाबादची कामे उभी करण्याची देखरेख त्यांच्याकडे आली. पॅरिसमध्ये ओढलेली रेघ आणि साइटवर उभी राहणारी काँक्रीटची भिंत, ही दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती आली. त्यानंतर त्यांनी ‘वास्तुशिल्प’ हे स्वतःचे कार्यालय काढले. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार त्यांना २०१८ मध्ये मिळाला, तो पुष्कळ पुढे.

म्हणून नव्या देशातल्या कार्यालयाला एकच गोष्ट विचारा : मला एखादी लहान इमारत, अगदी बालवाडीची किंवा बसथांब्याची का असेना, वर्किंग ड्रॉइंगपासून, म्हणजे बांधकामासाठीच्या तपशीलवार ड्रॉइंगपासून, ताबा देईपर्यंत सांभाळायला मिळेल का? ‘हो’ म्हणाले आणि ते करारपत्रात उतरले, तर जा, कार्यालयाचे नाव कोणी ऐकलेले नसले तरी जा. पुन्हा स्पर्धाच वाट्याला येणार असतील, तर जाऊ नका. तसे असेल तर जिथे आहात त्याच शहरात पंधरा-वीस माणसांचे कार्यालय शोधणे चांगले, कारण तिथे साइटवर जायला माणूस कमी पडतो आणि ती जबाबदारी आपोआप आपल्यावर येते. स्टुडिओ त्यानंतर.

प्रश्न : स्टुडिओ सुरू केल्यावर काम मिळेपर्यंत किती काळ जातो? शिल्लक किती असावी?

उत्तर : आकडा सांगणे धाडसाचे होईल, पण टोकाचे उदाहरण देतो. वास्तुविशारद झाहा हदीद १९७७ मध्ये रेम कूल्हास या वास्तुविशारदाच्या ओएमए या कार्यालयात भागीदार होत्या आणि १९८० मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे कार्यालय काढले. १९८३ मध्ये हाँगकाँगची ‘पीक’ स्पर्धा त्यांनी जिंकली, मात्र ती इमारत झाली नाही. त्यांचे पहिले मोठे काम, विट्रा या फर्निचर कंपनीचे अग्निशमन केंद्र, पूर्ण झाले ते १९९३ मध्ये. मधल्या काळात त्या शिकवत होत्या. आपली प्रतिभा तेवढी आहे असे गृहीत धरले, तरी शिकवण्याचा किंवा दुसऱ्या कार्यालयाची तांत्रिक ड्रॉइंगे करून देण्याचा जोडधंदा आधीच ठरवून ठेवावा. शिल्लक मोजताना घरखर्चाबरोबर व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याचा हप्ता आणि सॉफ्टवेअरचे परवाने धरायला बहुतेक जण विसरतात.

प्रश्न : आधीच्या कार्यालयांतली कामे माझ्या पोर्टफोलिओत दाखवता येतील का?

उत्तर : दाखवता येतात, पण आधी नोकरीचा करार वाचा. ड्रॉइंगांवरचा हक्क सामान्यतः कार्यालयाचा असतो आणि जाहीर न झालेल्या कामाबाबत गोपनीयतेची अटही असते. लेखी परवानगी मागावी. ती नोकरी सोडताना मागितली तर सहज मिळते. दोन वर्षांनी मागितली, तर आपल्याला ओळखणारे तिथे कोणी उरलेले नसते. प्रत्येक पानावर कार्यालयाचे नाव आणि त्याखाली आपण नेमके काय केले, हे लिहावे. ‘संघातील सदस्य’ एवढे पुरेसे नाही. ‘तिसऱ्या ते सातव्या मजल्यापर्यंतच्या खिडक्यांची डिटेल्स’ असे लिहावे. असे लिहिताना आपण लहान दिसू, ही भीती निराधार आहे. जाणता क्लायंट पुढचा प्रश्न खिडक्यांबद्दलच विचारतो आणि तिथे आपल्याला उत्तर येते.

प्रश्न : दोन देशांत काम केले, नोंदणी मात्र एकाही देशात नाही. स्टुडिओच्या पाटीवर ‘वास्तुविशारद’ लिहू का?

उत्तर : लिहू नका. पुष्कळ देशांत ही उपाधी कायद्याने राखीव आहे. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानुसार नोंदणी मंडळाच्या यादीत नाव असल्याशिवाय ती व्यवसायासाठी लावता येत नाही. अमेरिकेत परवान्याच्या वाटेवर एकूण ३,७४० तासांचा अनुभव सहा विभागांत दाखवावा लागतो आणि देखरेख करणाऱ्याने त्याला मान्यता द्यावी लागते. तेव्हा कोणत्या देशात व्यवसाय करायचा, ते आधी ठरवा आणि तिथल्या मंडळाकडे परदेशातला अनुभव कितपत धरला जातो, याची लेखी विचारणा करा. तोवर झालेल्या कामाच्या तासांची नोंद, टप्प्यांनुसार, ज्यांच्या हाताखाली केले त्यांच्या सहीने जमवून ठेवा. ते वरिष्ठही एक दिवस नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ काढतात आणि मग त्यांचा पत्ता शोधत बसावे लागते.