धारपांपासून सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

जुन्या मराठी भयकथांच्या पुस्तकांचा संग्रह सुरू करायचा असेल, तर यादी लहान ठेवा. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी, एकच लेखक घ्या. दोघांनीही भरपूर लिहिलंय, सगळं एकदम गोळा करायला गेलात तर हाती फक्त रद्दी उरेल.

विकत घेण्याआधी शीर्षकपानामागचं पान बघा. ‘प्रथमावृत्ती’ आणि साल तिथे सापडतं. धारपांच्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं बाजारात आहेत. ती वाचायला उत्तम, पण दुर्मीळ म्हणून जास्त पैसे मोजू नका. जुन्या प्रती बहुतेक वाचनालयांतून बाहेर पडलेल्या असतात. त्यात मूळ मुखपृष्ठ काढून पुठ्ठ्याची बांधणी केलेली असते, कडा कापलेल्या असतात आणि नेमकी शेवटची पानं गायब! भयकथेत याहून मोठा छळ नाही. ऑनलाइन घेताना मुखपृष्ठ, कणा, आवृत्तीचं पान आणि शेवटचं पान, असे चार फोटो मागाच.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- फाटलेल्या पानाला सेलोटेप. गोंद पिवळा पडतो, डाग कायमचा राहतो.
- नवी प्रत थेट कपाटात. त्यात कसर असेल तर ती सगळीकडे पसरते. आधी महिनाभर वेगळी ठेवा. किडीची शंका असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांवर 2 आठवडे फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी धरतं.
- दिवाळी अंकांकडे दुर्लक्ष. कितीतरी कथा आधी तिथेच छापून आल्या आणि ते अंक अजून स्वस्तात मिळतात.

सह्या केलेल्या प्रतींचा नाद सध्या नको.