तयार इमेजवर पक्का आयपी लावताना

गुहागरच्या होमस्टेत रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर लावतोयस ना, आणि त्याला न बदलणारा आयपी पत्ता द्यायचाय, मग जुने लेख वाचून डीएचसीपीसीडी या जुन्या नेटवर्क प्रोग्रॅमची फाइल बदलत बसू नकोस. रास्पबेरी पाय ओएसमध्ये 2023 च्या बुकवर्मपासून नेटवर्कचा सगळा कारभार नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅमकडे आहे. त्या फाइलीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ‘एनएमटीयूआय’ हा त्याचा सेटिंगचा मेनू चालव, आयपीव्ही4 मॅन्युअल कर, पत्त्यामागचा /24 (नेटवर्कचा आकार सांगणारा आकडा) गाळू नकोस. पत्ता राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचाच घे, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेरचा.

उबुंटूची इमेज (कार्डावर टाकायची तयार सिस्टिम) टाकली असशील तर मात्र खेळ वेगळा. तिथे नेटवर्कची सेटिंग नेटप्लॅनकडे, आणि वर मशीन आपोआप सेट करून देणारा क्लाउड-इनिट नावाचा आगाऊ गडी. 50 आकड्याने सुरू होणारी फाइल त्याची. तू तिच्यात केलेलं तो पुन्हा पुसू शकतो. म्हणून आधी क्लाउड-इनिटचं नेटवर्क कॉन्फिग बंद कर, मग ती फाइल बदल. ती फाइल यॅमल या पद्धतीने लिहिलेली असते, यॅमलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच द्यायच्या. इंटरफेसचं (नेटवर्क जोडणीचं) नाव ‘आयपी लिंक’ कमांडने बघून घे, ते ईथ0 असेल असं धरून चालू नकोस.

आणि बदल लागू करायला ‘नेटप्लॅन अप्लाय’ नको, ‘नेटप्लॅन ट्राय’ दे. 120 सेकंदांत एंटर दाबला नाहीस तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. तू हे चिपळूणहून एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून करणार. लाइन तुटली तर एसटी धरून गुहागर गाठावं लागेल.