सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीटमध्ये नेहमीच्या खडीऐवजी स्थानिक दगड चालेल का?

सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट म्हणजे कंपन न देता स्वतःच्या वजनाने पसरून साचा भरणारे काँक्रीट. त्यात बेसाल्ट किंवा ग्रॅनाइटच्या खडीऐवजी जवळच्या खाणीतला चुनखडक, वालुकाश्म किंवा जांभा वापरता येतो. मात्र जुनी खडी काढून तितक्याच वजनाची नवी खडी टाकणे येथे चालत नाही, कारण दगडाची घनता बदलली की त्याने व्यापलेले आकारमानही बदलते.

सर्वाधिक त्रास पाणी शोषणाचा होतो. सच्छिद्र दगडाची कोरडी खडी मिक्सरमध्ये पडताच मिश्रणातले पाणी ओढू लागते, त्यामुळे सुरुवातीला ७०० मिमी पसरणारे काँक्रीट अर्ध्या तासात ५५० मिमीच्याही खाली येऊ शकते आणि दाट सळ्यांमागचे कोपरे पोकळ राहतात. अशा वेळी वरून पाणी मुळीच ओतू नये. खडी आधी भिजवून, पृष्ठभाग निथळल्यावर वापरावी आणि प्रत्येक बॅचला तिच्यातील ओलावा मोजावा.

चपटे, लांबट तुकडे सळ्यांमध्ये अडकतात, म्हणून स्लम्प फ्लो (काँक्रीट मोकळेपणी किती व्यासात पसरते त्याचे माप) उत्तम आला तरी एल-बॉक्स चाचणी टाळू नये; तीत एल आकाराच्या पेटीत काँक्रीट सळ्यांमधून वाहू देऊन पलीकडच्या आणि अलीकडच्या उंचीचे गुणोत्तर पाहतात. हे गुणोत्तर किमान ०.८० असावे. ते कमी येत असेल, तर सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट प्रवाही करणारे रसायन) वाढवत बसण्यापेक्षा खडीचे प्रमाण घटवणे आणि कमाल आकार २० वरून १२.५ मिमीवर आणणे मला अधिक भरवशाचे वाटते.

दगड मऊ असल्यास तडा खडीतूनच जातो, त्यामुळे सिमेंट वाढवूनही ताकद एका मर्यादेपुढे वाढत नाही. दगडात ओपल किंवा चर्ट (सिलिकायुक्त पदार्थ) आढळल्यास अल्कली-सिलिका अभिक्रियेची, म्हणजे सिमेंटमधील अल्कली आणि दगडातील सिलिका यांच्या काँक्रीट फुगवून तडे पाडणाऱ्या अभिक्रियेची, चाचणी करूनच पुढे जावे.