मुलीच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला वाढदिवसाला तिच्याच रंगाची बाहुली दिली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात, मुलगी पाच वर्षांची आहे, तिच्या वर्गातल्या कृष्णवर्णीय मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलंय आणि अशी बाहुली दिली तर तिच्या घरच्यांना खटकेल अशी धाकधूक वाटते.

खुशाल द्या. फक्त घेताना चेहरा आणि केस नीट बघा.

मी इथल्याच एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात काम करते. आमच्या खेळण्यांच्या खोक्यात एक तपकिरी बाहुली कायम तळाशी पडलेली असायची. गोऱ्या बाहुलीचाच साचा, कमरेपर्यंत सरळसोट केस, नुसता रंग बदललेला. नंतर दुसरी आणली, जरा रुंद नाकाची, डोक्यावर घट्ट कुरळ्या केसांचे दोन गोंडे असलेली. चारेक वर्षांच्या एका मुलीनं बाहुलीचा गोंडा दाबून बघितला, मग स्वतःचा, मग पुन्हा बाहुलीचा. बोलली काहीच नाही. निघताना मात्र बाहुली हातातून सोडेना, आईला चांगलाच घाम फुटला.

साच्याची ही भानगड जुनी आहे. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीनं १९६८ मध्ये कृष्णवर्णीय क्रिस्टी आणली ती बार्बीची मैत्रीण म्हणून. खुद्द 'बार्बी' हे नाव लावणारी कृष्णवर्णीय बाहुली यायला १९८० उजाडलं. ती घडवली किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनरनं, आखूड कुरळे केस देऊन. त्याआधीच, १९६८ मध्ये, लॉस एंजेलिसला, १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उसळलेल्या दंगलीची झळ सोसलेल्या भागात तिथल्याच लोकांनी शिंदाना नावाची खेळण्यांची कंपनी काढली होती. त्यांच्या 'बेबी नॅन्सी'चं नाक-डोळे-ओठ उसने नव्हते. २०२० मध्ये ती अमेरिकेच्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये गेली. उशिराच म्हणायचं.

सोबत पुस्तक द्यायचं असेल तर एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' द्या. १९६२ चं आहे. लाल स्नोसूट घातलेला पीटर बर्फात हुंदडतो, एक गोळा खिशात घालून घरी नेतो आणि नंतर बघतो तर खिसा रिकामा. तो काळा आहे हे फक्त चित्रात दिसतं, मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. मला तेच आवडतं. गुलामगिरीवरची, नागरी हक्कांच्या लढ्यावरची पुस्तकं उत्तम आहेत, पण वाढदिवसाला नकोत. आमच्याकडेही फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, ती दर्शनी टेबलावर येतात आणि मार्चमध्ये गुपचूप फडताळात परत जातात. पोरांना बर्फात खेळणारा पीटर बाराही महिने लागतो.

कपड्यांचं म्हणाल तर एक सांभाळा. आपण लेकराला लाडानं 'माकडा' म्हणतो, आणि लहान मुलांच्या टी-शर्टांवर माकडं सर्रास असतात. ते या मुलीसाठी घेऊ नका. २०१८ मध्ये एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीनं 'जंगलातलं सगळ्यात भारी माकड' अशा अर्थाचा मजकूर असलेला हुडी एका कृष्णवर्णीय मुलाला घालून जाहिरातीत दाखवला. केवढा गहजब झाला! कंपनीला माफी मागावी लागली. या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या त्याच शब्दानं हिणवलं गेलंय, तिथे आपला लाड कोण समजून घेणार? त्यापेक्षा साटीनचं अस्तर असलेली थंडीची टोपी द्या. लोकरीच्या घर्षणानं कुरळे केस कोरडे होतात, तुटतात. अशी टोपी बघून तिची आई नक्की खूश होईल.

आणि जमलं तर बाहुल्या दोन घ्या, दुसरी तुमच्या मुलीला. आपण लहानपणी फिकट गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणायचो, आठवतंय? वर्गात एकाचीही कातडी तसल्या रंगाची नव्हती. इथे क्रेयोला या खडूंच्या कंपनीनं आपल्या 'फ्लेश' (म्हणजे कातडीच्या रंगाच्या) खडूचं नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केलं होतं.

हो, गिफ्ट रिसीट, म्हणजे वस्तू बदलून घेण्यासाठीची किंमत न छापलेली पावती, आठवणीनं पिशवीत टाका. तीच बाहुली तिच्याकडे आधीपासून असायची शक्यता बरीच आहे.