एसएटीच्या इंग्रजीसाठी मुलाने रोज किती शब्द पाठ करावेत?

आपण विचारले आहे की, आपल्या मुलाला अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेशासाठी एसएटी द्यायची आहे, त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले नाही, क्लासने त्याच्या हाती काही हजार शब्दांची यादी दिली आहे; तर त्याने रोज किती शब्द पाठ करावेत, आणि वाचन व लेखन विभागात त्याला 800 पैकी 600 च्या पुढे गुण मिळू शकतील का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, एकही शब्द पाठ करू नये. ती यादी कपाटात ठेवून द्यावी. दुसऱ्याचे उत्तर होय असे आहे, मात्र त्यासाठी त्याला वाचायला बसवावे लागेल. या मताला आमच्या घरातील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी ही परीक्षा 1994 च्या आधी दिली होती. त्या काळी इंग्रजीच्या विभागात विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत, शब्दांच्या जोड्यांमधील नाते ओळखण्याचे प्रश्न असत, गाळलेल्या जागा असत आणि उतारेही असत. विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या मिळून सुमारे निम्मे प्रश्न होत आणि या प्रश्नांना मागेपुढे कसलेही वाक्य नसे. एक शब्द समोर यायचा, खाली पाच पर्याय, आणि शब्द माहीत असेल तरच उत्तर येणार. दादांनी एका जाड वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला एकेका शब्दात मराठी अर्थ लिहून ती वही तोंडपाठ केली आणि उत्तम गुण मिळवले. त्यांची मेहनत मी कधीही कमी लेखली नाही. त्यांनी जी परीक्षा दिली तिच्यासाठी ती पद्धत योग्यच होती.

पण ती परीक्षा आता अस्तित्वात नाही. 1994 मध्ये विरुद्धार्थी शब्द काढून टाकण्यात आले. 2005 मध्ये जोड्या गेल्या. या जोड्यांवर फार पूर्वीपासून टीका होत होती आणि ती रास्त होती. धावपटूचे मॅरेथॉनशी जे नाते, ते कोणाचे कशाशी, या गाजलेल्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर ‘ओअर्समन’ आणि ‘रेगाटा’, म्हणजे वल्हवणारा आणि नौकांची शर्यत, असे होते. ज्याच्या घरच्यांनी कधी नौकांची शर्यत पाहिली नाही, त्या मुलाची तर्कशक्ती या प्रश्नातून कशी कळणार? कळते ती त्याच्या घरची परिस्थिती. 1926 मध्ये ही परीक्षा पहिल्यांदा घेतली गेली तेव्हा तिच्या रचनेची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या कार्ल ब्रिगहॅम यांनी त्याआधी अमेरिकन सैन्यातील बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांच्या बुद्धीबद्दल मोठे निष्कर्ष काढले होते आणि 1930 मध्ये ते त्यांनी स्वतःच मागे घेतले. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला इंग्रजी शब्द अधिक माहीत असतात, एवढेच अशा चाचण्यांतून सिद्ध होते. पुढे 2016 मध्ये सुट्या वाक्यातील गाळलेल्या जागा गेल्या आणि चुकीच्या उत्तराला गुण कापणेही बंद झाले. अमेरिकेबाहेर 2023 पासून आणि अमेरिकेत 2024 पासून परीक्षा पूर्णपणे संगणकावर आली.

माझी पुतणी, म्हणजे दादांचीच मुलगी, या नव्या स्वरूपाच्या परीक्षेची तयारी करत होती तेव्हा दादांनी तीच जुनी वही बाहेर काढली. क्लासची यादी वेगळीच. पोरगी सकाळ-संध्याकाळ शब्द-अर्थांची कार्डे उलटत होती, आणि सरावाच्या चाचणीत तिचे गुण जागचे हलत नव्हते. एका संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो. समोरच्या उताऱ्याचा आशय असा होता: संशोधकांनी या सिद्धांताचे स्वागत केले असले, तरी त्यांची प्रशंसा अमुक प्रकारची होती, कारण बहुतेकांनी हे निदर्शनास आणले की सगळा पुरावा एकाच बेटावरील पक्ष्यांच्या निरीक्षणातून आलेला आहे. ‘अमुक’च्या जागी शब्द निवडायचा होता. पर्याय होते ‘इफ्युसिव्ह’, ‘टेम्पर्ड’, ‘युनॅनिमस’ (एकमुखी) आणि ‘इनोव्हेटिव्ह’. तिने क्षणाचाही विलंब न लावता ‘इफ्युसिव्ह’ निवडले. कारण विचारले तर म्हणाली, “काका, कार्डावर लिहिलंय, इफ्युसिव्ह म्हणजे भरभरून केलेली स्तुती, आणि इथे प्रेझ शब्द आहेच की.” ‘टेम्पर्ड’ तिने आधीच बाद केले होते, कारण कार्डावर ‘टेम्पर’ म्हणजे राग असे होते.

मी चारही पर्यायांवर कागद धरला आणि तिला सांगितले की, आता उतारा पुन्हा वाच आणि रिकाम्या जागी काय यायला हवे ते मराठीत सांग. तिने दोनदा वाचले. ‘तरी’ या शब्दापाशी थांबली, ‘कारण’पाशी पुन्हा थांबली, आणि म्हणाली, “हातचं राखून केलेलं कौतुक.” अगदी अचूक! मग मी कागद काढला. ‘इफ्युसिव्ह’ नेमके उलटे होते, ‘युनॅनिमस’ला आणि ‘इनोव्हेटिव्ह’ला उताऱ्यात कसलाच आधार नव्हता. ‘टेम्पर्ड’चा हा ‘संयमित’ असा अर्थ तिला माहीत नसतानाही उत्तर तिच्या हाती आले. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या मुलांविषयी जे लोक काळजीच्या सुरात बोलतात, त्यांना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. वाक्याचा रोख पकडण्याची शक्ती त्या मुलीत होती आणि ती तिच्या स्वतःच्या भाषेतून आलेली होती. कार्डांनी ती झाकून टाकली होती, इतकेच.

त्यानंतर आम्ही एक तक्ता केला. हा तक्ता आपल्या मुलानेही जरूर करावा, कारण माझ्या मते साऱ्या तयारीत याहून उपयोगी दुसरे काही नाही. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे चूक का झाली ते लिहायचे: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण वाक्याचा रोख कळला नाही, उताऱ्यात नसलेली गोष्ट मनाने गृहीत धरली, की वेळ पुरला नाही. पुतणीच्या तक्त्यात पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला आणि मधले दोन भरून गेले. विशेषतः तिसरा. एखादे विधान खरे आहे, शहाणपणाचे आहे, विज्ञानाच्या पुस्तकातही आहे, पण या उताऱ्याने ते म्हटलेले नाही. अशा पर्यायाला ती पुन्हा पुन्हा बळी पडत होती. अभ्यासू मुलांचे हे असे हमखास होते, कारण त्यांना उताऱ्याबाहेरचे पुष्कळ माहीत असते.

आजच्या परीक्षेची रचना पाहिली की हे लगेच पटते. वाचन आणि लेखन विभागात 54 प्रश्न असतात आणि त्यांना 64 मिनिटे मिळतात. प्रत्येकी 27 प्रश्नांचे आणि 32 मिनिटांचे असे दोन भाग. पहिल्या भागात कामगिरी कशी झाली यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे ठरते. प्रत्येक उतारा 25 ते 150 शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. पूर्वीच्या कागदी परीक्षेत पाच मोठ्या उताऱ्यांवर 52 प्रश्न असत आणि एका उताऱ्यात रुळायला थोडा अवसर मिळे. आता मिनिटभरात एका कवितेतून एखाद्या प्रयोगाच्या तक्त्याकडे जावे लागते. शब्दांचे प्रश्न प्रत्येक भागाच्या सुरुवातीला येतात, पण तेही वाक्यातच गुंफलेले असतात आणि सर्वात तर्कसंगत व नेमका शब्द कोणता, एवढेच विचारतात. बाकीचे प्रश्न लेखकाने हे वाक्य येथे का घातले, दोन लेखकांत मतभेद कुठे आहे, दाव्याला पुरावा कोणता, यांभोवती फिरतात आणि उरलेले व्याकरण व वाक्यरचनेचे असतात.

म्हणून मी पुतणीला रोज थोडे कठीण गद्य वाचायला लावले: विज्ञानावरचे लेख, इतिहासावरचे लेख, जुन्या कादंबऱ्यांतली एखाद-दोन पाने. प्रत्येक परिच्छेदानंतर ती तो एका वाक्यात मराठीत सांगे. सांगता आले नाही तर पुन्हा वाचन. नवा शब्द आला तर तो त्याच्या पूर्ण वाक्यासकट वहीत जाई, सुटा कधीही नाही. सरावाच्या पूर्ण चाचण्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ब्लूबुक या ॲपवर विनामूल्य मिळतात आणि खान अकॅडमीवरही सराव विनामूल्य आहे. आधी तो सगळा संपवावा, इतर पुस्तकांतले प्रश्न पुष्कळदा मूळ परीक्षेसारखे नसतात.

पुतणीला तिला हव्या त्या महाविद्यालयासाठी पुरेसे गुण मिळाले. दादांनी त्याचे श्रेय वहीला दिले, चारचौघांत दिले, आणि हे मला आजही खुपते. त्यांचे म्हणणे असे की, शब्दच येत नसतील तर मूल वाचणार काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, आणि आपल्या क्लासनेही तो आपल्याला ऐकवला असेल. पण शब्द येणे म्हणजे नुसते त्याचे एक मराठी जोडनाव येणे नव्हे. ‘टेम्पर्ड’चे जोडनाव तिला येत होते आणि त्यानेच घात केला. शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कोणत्या सुरात येतो, कुठे त्याचा अर्थ वळतो, हे वाचनातूनच कळते; वहीच्या डाव्या-उजव्या रकान्यांत ते मावत नाही. वहीचा प्रभाव खरा असता तर सगळी कार्डे पाठ असतानाच्या त्या काळात तिचे गुण हलायला हवे होते. दादांनी याचे उत्तर मला कधी दिलेले नाही.

आता काही गोष्टी, ज्या न सांगणे योग्य होणार नाही. आपल्या मुलाला साध्या वर्तमानपत्री इंग्रजीतच दर ओळीला अडखळायला होत असेल, तर माझे वरचे ‘एकही नाही’ त्याला जसेच्या तसे लागू करू नये. अशा वेळी नेहमीच्या वापरातले शब्द आधी पक्के करावेत, तेही वाक्यांतून, आणि परीक्षेची तारीख घाईने घेऊ नये. मराठीत सांगण्याची सवय सुरुवातीची आहे. परीक्षा जवळ आली की ते मनातल्या मनात आणि झटपट झाले पाहिजे, कारण एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट मिळते. उत्तर येत नसले तरी काहीतरी निवडावेच, गुण कापले जात नाहीत. शिवाय ही परीक्षा हवीच आहे का, हेही आधी पाहावे: कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटीचे गुण विचारातच घेत नाही, तर एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्डने 2024 मध्ये ते पुन्हा आवश्यक केले. आपल्या यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयाचा नियम त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासावा. आणि मुलाने पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी जीआरई द्यायचे ठरवले, तर तिथे विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या 2011 मध्येच गेल्या असल्या तरी गाळलेल्या जागांत कठीण शब्द अजूनही येतात. त्या वेळी शब्दांना निराळा वेळ द्यावा लागेल, पण तो प्रश्न तेव्हाचा आहे.